बसचा धूर कोणाच्या वहीत?

पत्र थोडक्यात असं: लेखिका 23 वर्षांची, संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. ती शिकते त्या मोठ्या शिक्षणसंस्थेच्या युवा हवामान समितीची ती दीड वर्षापासून निमंत्रक आहे. संस्थेचा उत्सर्जन अहवाल, म्हणजे संस्थेपायी किती हरितगृह वायू हवेत गेले त्याचा हिशेब, पुढच्या महिन्यात समारंभपूर्वक प्रकाशित होतोय. पाच वर्षांत उत्सर्जन 22 टक्क्यांनी घटलं, हा त्यातला ठळक दावा. मंचावर अहवाल हातात धरून चार मिनिटं बोलायचं काम तिच्याकडे आहे. भाषणाची तयारी करताना तिच्या लक्षात आलं, की दोन वर्षांपूर्वी संस्थेनं आपल्या चाळीस बस कंत्राटदाराकडे सोपवल्या आणि त्याच वर्षी आकडा धाडकन खाली आला. बस त्याच, मार्ग तेच, डिझेल तेच. दारावरचं नाव तेवढं बदललं. अधिकाऱ्यांना विचारलं तर, "सगळं नियमानुसार आहे, शेवटच्या पानावर टीप दिली आहे," असं उत्तर मिळालं. चळवळीतले मित्र म्हणतात, तू शोभेची बाहुली झाली आहेस, राजीनामा दे आणि भांडं फोड. बाबा म्हणतात, मोठमोठे देश जुमानत नाहीत तिथे तुझ्या चाळीस बसनी काय होणार, परीक्षेकडे बघ. आणि तिचं स्वतःचं मन म्हणतं, गेल्या वर्षी युवा हवामान परिषदेला तू विमानानं गेलीस, तुला बोलायचा अधिकार काय? झोप उडाली आहे. "ताई, आत राहून लढू की बाहेर पडून?" हा तिचा प्रश्न.

तुझं पत्र वाचून मी आधी त्या शेवटच्या पानावरच्या टिपेचाच विचार करत बसले. नोकरीतली बरीच वर्षं मी वार्षिक अहवालांची मुद्रितं तपासण्यात घालवली आहेत. त्या कामात एक गोष्ट पक्की कळते. पहिल्या पानावरचा आकडा दहाजणांच्या नजरेखालून गेलेला असतो. शेवटच्या पानावरची टीप लिहिणाऱ्यानंच काय ती वाचलेली असते, आणि कधीकधी त्यानंही नाही. तू ती वाचलीस, आणि वाचून तिचा वरच्या आकड्याशी संबंध लावलास. तेव्हा "मी दीड वर्षात काहीच केलं नाही" हे वाक्य पत्रात तीनदा आलंय, ते तीनही ठिकाणी खोडून टाक.

आता 'फसवणूक' हा शब्द. तो तू दोनदा वापरलास. तोही जरा बाजूला ठेवू या, कारण तो खरा आहे की नाही हे अजून तुला माहीत नाही आणि मलाही नाही.

संस्थांच्या उत्सर्जनाची मोजणी जगभर बहुतेक ठिकाणी ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल नावाच्या नियमावलीनुसार होते. ती पहिल्यांदा 2001 मध्ये आली. त्यात हिशेबाचे तीन कप्पे असतात. आपल्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या यंत्रांत, वाहनांत आपण जे जाळतो ते स्कोप 1. आपण विकत घेतलेल्या विजेसाठी दुसरीकडे जे जळतं ते स्कोप 2. आणि आपल्यासाठी, आपल्या कामापायी, पण दुसऱ्याच्या हातून होतं ते सगळं स्कोप 3: कंत्राटी वाहतूक, कर्मचाऱ्यांचा प्रवास, विकत घेतलेला माल, कचरा, असे एकंदर पंधरा प्रकार. पहिले दोन कप्पे भरणं या नियमावलीत बंधनकारक, तिसरा ऐच्छिक. तुमच्या बस पहिल्या कप्प्यातून निघून तिसऱ्यात गेल्या, आणि तिसरा कप्पा संस्थेनं उघडलाच नाही. अधिकारी म्हणतात ते "नियमानुसार" इथपर्यंत खरं आहे.

पण त्याच नियमावलीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुझ्या कामाची आहे. पाच वर्षांपूर्वीच्या ज्या वर्षाशी तुलना करायची, ते आधारवर्ष. एखादं धूर सोडणारं काम मध्येच बाहेरच्याकडे सोपवलं आणि ते तिसऱ्या कप्प्यात दाखवलं नाही, तर त्याचा परिणाम लक्षणीय असल्यास आधारवर्षाचा आकडाही फिरून मोजायचा असतो. म्हणजे जुन्या वर्षातूनही बस वजा करायच्या, मगच तुलना. नाहीतर काय होतं? आधीच्या वजनात दप्तर धरायचं, नंतरच्या वजनात दप्तर खाली ठेवायचं आणि सांगायचं, बघा, मूल बारीक झालं.

तेव्हा तुझा पहिला प्रश्न "तुम्ही आम्हाला फसवता का?" असा नकोच. "आधारवर्षाची फेरगणना केली का?" असा असू दे. पहिल्या प्रश्नावर माणूस चिडतो आणि बैठक संपते. दुसऱ्यावर त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. अनेकदा असंही निघतं, की अहवाल बाहेरच्या सल्लागारानं केलेला असतो, त्याला बस कंत्राटावर गेल्याचं कोणी सांगितलेलंच नसतं, आणि आतल्या माणसाला आधारवर्ष म्हणजे काय हे ठाऊक नसतं. चूक, सोयीस्कर मौन आणि फसवणूक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती घडली हे लेखी विचारल्यानंतर ती माणसं काय करतात त्यावरून कळेल. आत्ता कळणार नाही.

विचारायला जाण्याआधी एकदा स्वतः हिशेब करून बघ. एक लीटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. (लीटरभर डिझेलचं वजन किलोभरही नसतं, मग धूर जवळजवळ पावणेतीन किलोंचा कसा, असं मला कितीतरी दिवस वाटायचं. डिझेलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, ते वजन त्याचं.) समज, एका बसला दिवसाला 30 लीटर लागतात. म्हणजे 81 किलो. चाळीस बसचे झाले 3,240 किलो, सव्वातीन टन. वर्षातले 220 दिवस बस धावल्या तर सातशे टनांच्या वर. माझे लीटर अंदाजाचे आहेत. तुझ्याकडे खरे येतील. तो आकडा त्या 22 टक्क्यांशेजारी ठेव. घटीतला बराचसा वाटा तिथे सापडला तर तुझा संशय खरा. आणि थोडाच सापडला तर संस्थेनं बाकीचं काम खरोखर केलंय, हेही तुला मोकळ्या मनानं मान्य करावं लागेल. त्याची तयारी ठेवून जा. उत्तर आधीच ठरवून हिशेबाला बसणाऱ्याचा हिशेब नेहमी जुळतो.

आता बाबांचं म्हणणं. ते मला वाटतं तितकं टाकाऊ नाही. फक्त त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मोठे देश जुमानत नाहीत हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि त्यांची युक्ती थेट तुमच्या बससारखीच आहे. देशाचा उत्सर्जनाचा हिशेब हद्दीनुसार लागतो. कारखाना शेजारच्या देशात गेला की धूर त्याच्या वहीत, माल मात्र आपल्या घरात. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजांना भरलेलं इंधन कोणत्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत, वेगळी नोंद म्हणून खाली लिहितात. म्हणजे तीही शेवटच्या पानावरची टीपच. सैन्यदलांचं उत्सर्जन कळवणं पॅरिस करारात ऐच्छिक आहे.

आणि हिशेब चुकवला तर शिक्षा? 1997 च्या क्योटो करारात विकसित देशांना बंधनकारक उद्दिष्टं होती. ती पुरी होत नाहीत असं दिसल्यावर कॅनडानं 2011 मध्ये करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर 2015 च्या पॅरिस करारानं वेगळी वाट धरली. किती कपात करायची हे प्रत्येक देशानं स्वतः ठरवायचं, दर पाच वर्षांनी नवा आराखडा द्यायचा, आणि प्रगतीचा हिशेब सगळ्यांसमोर ठेवायचा. अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी समिती आहे, पण ती शिक्षा करणारी नसेल हे कराराच्या 15 व्या कलमातच लिहिलंय. सगळी भिस्त उघड्या हिशेबावर. दर दोन वर्षांनी द्यायच्या पारदर्शकता अहवालांची पहिली मुदत 2024 च्या डिसेंबरअखेर होती. हे अहवाल कोणालाही उघडून वाचता येतात. वाचतं कोण, हा प्रश्न आहे. म्हणून बाबांना सांग, की ही सगळी यंत्रणा शेवटची पानं वाचणाऱ्यांच्या भरवशावर उभी आहे आणि तसे लोक फार कमी आहेत. चाळीस बसवर ही नजर तयार झाली तर ती पुढे एखाद्या राज्याच्या किंवा देशाच्या अहवालावरही चालेल. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे परीक्षेच्या आड येणारं काम आहे असं मला तरी वाटत नाही. (परीक्षा मात्र दे. ते बाबांचं बरोबर आहे.)

विमानाचं सांगते. तुझ्या पत्रातला हा भाग मी दोनदा वाचला, कारण सगळ्यात जास्त त्रास तू स्वतःला इथे करून घेतला आहेस.

ज्याला बोलायचंय त्यानं आधी स्वतः निर्मळ व्हावं, ही अपेक्षा कुठून आली ते बघ. माणशी 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे एका माणसापायी किती कार्बन हवेत जातो, ही कल्पना घरोघरी पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता. 2000 नंतरच्या दशकात "तुमचा फूटप्रिंट किती, मोजा" असं सांगत त्यांनी लोकांच्या हातात गणकयंत्र दिलं. जमिनीखालून तेल उपसून विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला विचारावं, बाबा रे, तू किती जाळतोस? मोजायची पद्धत चुकीची नव्हती. पण बोट कुणाकडे वळलं ते महत्त्वाचं. तेव्हापासून हवामानाबद्दल तोंड उघडणाऱ्या प्रत्येकाला आधी त्याचं तिकीट विचारतात.

याचा अर्थ तुझं विमान हवेत विरून गेलं असं मी म्हणत नाही. ते मोजलंच पाहिजे. कुठे मोजायचं ते मात्र विचार. तू त्या परिषदेला संस्थेची प्रतिनिधी म्हणून गेलीस, तिकीटही संस्थेनंच काढलं, असं तूच लिहिलंयस. मग तो संस्थेच्या कामाचा प्रवास झाला. स्कोप 3 च्या पंधरा प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा आहे. अहवालात बघ. मला खात्री आहे तोही तिथे नसेल, कारण तो कप्पाच बंद आहे. जी नोंद संस्थेच्या वहीत असायला हवी होती ती वर्षभर तू आपल्या उशाशी घेऊन झोपते आहेस. ती उचलून जागेवर ठेव. पुढच्या परिषदेला रेल्वेनं किंवा दुरून पडद्यावरून जायचं ठरवलंस तर उत्तम, पण तो वेगळा निर्णय आहे आणि प्रश्न विचारण्याच्या परवानगीशी त्याचा संबंध नाही.

मित्रांच्या बोलण्यातला 'शोभेची बाहुली' हा शब्द तुला लागला. लागणारच. त्यात तथ्यही आहे. तरुणांना मंचावर बोलावून टाळ्या वाजवायची पद्धत जुनी आहे. 1992 मध्ये रिओच्या वसुंधरा परिषदेत सेव्हर्न सुझुकी ही 12 वर्षांची मुलगी बोलली होती. सभागृह स्तब्ध झालं होतं म्हणतात. ती मुलगी आज चाळिशी ओलांडून गेली आहे. 2018 मध्ये ग्रेटा थुनबर्ग शाळा सोडून संसदेबाहेर बसली, मग तिलाही मोठमोठ्या मंचांवर बोलावलं गेलं आणि तिथेही टाळ्या झाल्या. टाळी फुकट असते. म्हणून मी तुझ्यासारख्यांना टाळीऐवजी काय मागायचं ते सांगते. अहवाल छापायला जाण्याआधी त्याचा मसुदा समितीला मिळाला पाहिजे. समितीच्या लेखी प्रश्नाला ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर आलं पाहिजे. आणि समितीचं वेगळं मत असेल तर ते अहवालातच छापलं गेलं पाहिजे, मागच्या पानावर का होईना. या तिन्हींपैकी एकही तुमच्या समितीकडे आज नसेल तर तिला सल्लागार समिती म्हणू नका, स्वागत समिती म्हणा.

पण तरुणांच्या हातून टाळ्यांपलीकडे काहीच होत नाही, असं मित्रांना वाटत असेल तर ते खरं नाही. 2019 मध्ये प्रशांत महासागरातल्या वानुआतूमध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या विधी शाखेत, 27 विद्यार्थ्यांनी वर्गातच एक प्रश्न लावून धरला: हवामानाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच का विचारू नये? त्यांनी बेटांवरच्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतूच्या सरकारनं ते मनावर घेतलं. मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तसा ठराव एकमतानं केला. आणि 23 जुलै 2025 ला न्यायालयानं मत दिलं: हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईपर्यंतची जबाबदारी येऊ शकते. हे सल्ला म्हणून दिलेलं मत आहे, कोणाच्या घरावर जप्ती येणार नाही. तरी आता जगभरची न्यायालयं त्याचा आधार घेऊ शकतात. वर्गातला प्रश्न तिथे पोचायला सहा वर्षं लागली. सगळं मोर्च्याच्या एका दिवसात झालं नाही. मधली बहुतेक वर्षं कागद लिहिण्यात, माणसं पटवण्यात गेली.

न्यायालयात जिंकलेली प्रकरणं मी चाळत होते तेव्हा मला एक गंमत दिसली. त्यांतली बरीचशी हिशेबाचीच भांडणं आहेत. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात 16 मुला-तरुणांनी 2023 मध्ये खटला जिंकला. तिथे कायदाच असा केला होता, की प्रकल्पाला परवानगी देताना हरितगृह वायूंचा विचार करायचा नाही. न मोजण्याचा कायदा! न्यायालयानं तो रद्द केला आणि पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. जर्मनीच्या घटना न्यायालयानं 2021 मध्ये सरकारला सांगितलं, की 2030 पर्यंत थोडं करून बाकीचा बोजा पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही, त्यांच्या स्वातंत्र्यावर ती गदा आहे. सरकारनं काही महिन्यांतच कायदा बदलला. कार्बन तटस्थतेचं, म्हणजे जेवढं सोडू तेवढं शोषलंही जाईल अशा स्थितीचं, वर्ष 2050 वरून 2045 वर आलं. दुसरी बाजूही ऐक. अमेरिकेतच 21 तरुणांनी 2015 मध्ये केंद्र सरकारविरुद्ध लावलेला खटला दहा वर्षं चालला आणि एकही साक्ष न होता संपला.

आणि हे खास तुझ्या मित्रांसाठी. 9 एप्रिल 2024 या एकाच दिवशी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं हवामानाबाबत तीन निकाल दिले. त्यांतले दोन ऐक. पोर्तुगालच्या सहा तरुणांनी आपल्या देशासह तीसहून अधिक देशांवर दावा लावला होता. तो फेटाळला गेला. आधी आपल्या देशातल्या न्यायालयात जायला हवं होतं, हे त्यातलं एक कारण. दुसरा दावा स्वित्झर्लंडमधल्या ज्येष्ठ महिलांच्या संघटनेचा होता. दोन हजारांहून जास्त आज्या. त्या जिंकल्या. देशाला किती धूर सोडायची मुभा उरली आहे याचा आकडाच सरकारनं नीट ठरवलेला नाही, ही त्रुटी न्यायालयानं नेमकी दाखवली. ही तरुण विरुद्ध म्हातारे अशी लढाई आहे असं तुझ्या पत्रात ओळीओळीत आहे. मला ते मान्य नाही. उष्णतेच्या लाटेत आधी जीव जातो तो वृद्धांचाच, म्हणून त्या न्यायालयात गेल्या होत्या.

हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही, तुझ्या कामासाठी सांगतेय. संस्थेत खरे लीटर कोणाला माहीत आहेत? कुलगुरूंना नाहीत. वाहन विभागातल्या, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेल्या कारकुनाला माहीत आहेत. बस कंत्राटावर जाण्याआधी रोज सकाळी डिझेलची नोंद त्यानंच केलेली असते. कंत्राटाचं बिल आजही त्याच्याच टेबलावरून पुढे जात असेल. त्या माणसाला तुमच्या समितीच्या एकाही बैठकीला कोणी बोलावलं नसणार, कारण समिती 'युवा' आहे. त्याच्याकडे जा. लेखा विभागात कोणी ओळखीचं असेल तर तिकडेही. चाळीस वर्षं जमाखर्च लिहिलेल्या माणसाला 'आधारवर्ष बदललं नाही' हे वाक्य दोन मिनिटांत कळतं. परिषदेतल्या कित्येकांना दोन दिवसांत कळत नाही.

आता आत की बाहेर. हा प्रश्न तू दोन दारांसारखा मांडला आहेस, एकातून गेलं की दुसरं बंद. माझं मत स्पष्ट सांगते: आज राजीनामा देऊ नकोस. न विचारलेल्या प्रश्नावर दिलेला राजीनामा संस्थेला फार सोयीचा असतो. महिन्याभरात दुसरी निमंत्रक मिळते आणि तिनं टीप वाचलेली नसते. या आठवड्यात एक ईमेल लिही, समितीच्या वतीनं, निदान आणखी दोन सदस्यांच्या नावानिशी. एकटीनं नको. मजकूर साधारण असा: "अहवालात पाच वर्षांत 22 टक्के घट दाखवली आहे. (1) यांपैकी बससेवा कंत्राटदाराकडे गेल्यामुळे झालेली घट किती? (2) बससेवा स्कोप 3 मध्ये दाखवली नसल्यास आधारवर्षाची फेरगणना केली आहे का? (3) विजेचं उत्सर्जन कोणत्या पद्धतीनं मोजलं आहे?" तिसरा प्रश्न का, तर हरित विजेची प्रमाणपत्रं विकत घेऊन कागदावर वीज शून्यावर आणता येते, तारेतून कोळशाचीच येत असली तरी. त्यासाठी 2015 पासून त्याच नियमावलीत, प्रमाणपत्रं धरून आणि तारेतल्या विजेवरून, अशा दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी द्यायला सांगितलंय.

ईमेलच्या शेवटी त्यांना सुटायची वाट दे. ही गोष्ट तुझ्या मित्रांना आवडणार नाही, पण मी आग्रह धरीन. "अहवाल थांबवा" म्हणू नकोस. "बस धरून आणि बस न धरता, असे दोन आकडे छापावेत, त्यासाठी एक तक्ता आम्ही करून देतो" असं म्हण. आणि तक्ता खरंच करून जोड. छपाईला वेळ असेल तर एका पानाचं काम आहे. पुष्कळदा माणसं चूक सुधारायला तयार असतात, चूक कबूल करायला नसतात. तक्ता त्यांना कबुलीशिवाय सुधारणा देतो.

त्यांनी दोन्ही आकडे छापले, तर मंचावर जा आणि तुझ्या चार मिनिटांतलं एक मिनिट त्या दोन आकड्यांतल्या फरकावर बोल. त्यांनी उत्तरच दिलं नाही किंवा "आता उशीर झाला" म्हटलं, तर मंचावर जाऊ नकोस. कारण लेखी कळव, दोन ओळीत, आवाज न चढवता. आजारी असल्याचं सांगू नकोस. आणि पुढच्या वर्षी बस मोजू असं लेखी आश्वासन मिळालं तर? इथे मी स्वतः दोन्हीकडे झुकते. आश्वासनावर तारीख आणि नाव असेल तर एक वर्ष थांबायला हरकत नाही. पण मग 22 टक्क्यांचा आकडा तुझ्या तोंडून जाऊ नये. दुसऱ्या कशावर तरी बोल, किंवा बोलायचं दुसऱ्याला दे.

भांडं फोडायचीच वेळ आली तर काही गोष्टी आधी बघ. समितीत येताना तू कोणत्या कागदावर सही केलीस? गोपनीयतेची अट होती का? छापील अहवाल सर्वांसाठी खुला असतो, त्यातले आकडे आणि त्यातली टीप यांवर कोणीही बोलू शकतं. आतली बिलं, आतल्या ईमेल ही वेगळी गोष्ट. ती बाहेर नेण्याआधी कायदा जाणणाऱ्या माणसाशी बोल. कारकुनाचं नाव कुठेही येता कामा नये. तुझी पदवी तुझ्या हातात आहे, त्याची नोकरी तुझ्या हातात नाही.

तुझ्यासारख्या प्रसंगात असलेल्या इतरांनी पत्रं लिहिली आहेत, त्यांनाही हेच थोडं बदलून लागू पडेल. नोकरीत असाल तर कंपनीच्या 'नेट झिरो'च्या, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाच्या, घोषणेत तिसरा कप्पा आहे का, आणि उरलेला धूर कुठे झाडं लावून फेडणार असतील तर खरी कपात किती, हे दोन प्रश्न पुरेत. शाळेत असाल तर विजेची बारा बिलं मागून एका कागदावर मांडा; त्याला कोणी नाही म्हणत नाही. सरकारी धोरणाचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो तेव्हा "तुम्ही अपयशी आहात" असं लिहिलेली शंभर पत्रं एका खोक्यात जातात. "पान अमुकवर उद्दिष्ट आहे, पण जबाबदार खातं कोणतं ते लिहिलेलं नाही" या एका पत्राला उत्तर तयार करावं लागतं.

झोपेचं राहिलंच. 2021 मध्ये दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या दहा हजार तरुणांची एक पाहणी झाली होती, त्यात 59 टक्के तरुणांनी हवामानाची आपल्याला फार किंवा अतिशय चिंता वाटते असं सांगितलं. तेव्हा तू विचित्र नाहीस. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही हे हिशेबानं सुटणारं नाही. समुपदेशकाकडे जा, आणि ईमेल रात्री अकरानंतर लिहू नकोस.

एक सांगायचं राहिलं. कारकुनाकडे जाशील तेव्हा त्याच्याकडून डिझेलचे लीटर माग, बिलाची रक्कम नको. रक्कम घेतलीस तर त्या त्या महिन्याचा भाव शोधून भागत बसावं लागेल. आणि कंत्राट झाल्यानंतरचे लीटर त्याच्याकडे नसतील, तर फेऱ्यांचे किलोमीटर असतील. कंत्राटदाराला पैसे किलोमीटरवरच मिळत असणार.